टिटवीच्या अंगणातलं लग्न

बाबांनी घरापुढचं अंगण माझ्या ताब्यात दिलं ते एका अटीवर. "तुझं लग्न ठरलं की मांडव इथंच पडेल. तेव्हा हे सगळं साफ करून द्यायचं. कबूल?"

मी एका क्षणात कबूल म्हटलं. मला आतून हसू येत होतं. मी तिशी ओलांडली होती, सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसत होते, आणि माझ्या लग्नाचा विषय घरात एकटी आईच काढत असे. बाबांनीही ही अट फारशी आशेनं घातली नव्हती. काहीतरी अट घातल्याशिवाय काही द्यायचं नाही, ही त्यांची कारखान्यातली सवय.

त्याआधी तिथं लॉन होतं. बाबांनी जबलपूरच्या कारखान्यात आयुष्यभर शिफ्ट केल्या, रिटायर झाल्यावर तिथल्याच एका कॉलनीत घर बांधलं आणि साहेबांच्या बंगल्यापुढे असतं तसं लॉन लावलं. जमीन आमची मुरमाड, हातभर खाली खडक. ते लॉन दिवाळीला हिरवं असायचं, होळीला पिवळं व्हायचं आणि मे महिन्यात दिसेनासं व्हायचं. पाऊस संपला की बाबा पुन्हा नवं लावायचे. एका वर्षी माळी आला होता आणि लॉन लावण्याआधी तो भिंतीलगतची रुई उपटायला बसला. मी चहा घेऊन तिथंच उभी होते. एक केशरी फुलपाखरू त्या रुईच्या पानाखाली पोट वाकवून टेकवत होतं. माळ्याचा हात अगदी जवळ गेला तरी ते हललं नाही.

"रुको भैया!" मी इतक्या जोरात ओरडले की माळ्याच्या हातातलं खुरपं पडलं.

पान उलटून पाहिलं. मोहरीहून बारीक, मोत्यासारखं एक अंडं होतं. पुढच्या पानावर आणखी एक. मग मला काय झालं ते मलाही सांगता येणार नाही, पण त्या दिवशी मी कचेरीला उशिरा पोचले आणि संध्याकाळी लवकर परतले. काही दिवसांनी त्या रुईवर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या, आणि रात्रीच्या जेवणात मी दुसरं काही बोलेनाशी झाले. शेवटी बाबांनी कंटाळून अंगण देऊन टाकलं.

लॉन गेलं. बरगीच्या रस्त्यानं आमच्या जंगलात जे सहज उगवतं ते मी एकेक करून आणलं. लाल फुलांची धायटी आणली, निर्गुडी, अडुळसा, बोर. मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा आणून बी टाकलं. कडेला कुसळी गवत वाढू दिलं. मधोमध खडक इतका वर होता की तिथं काही रुजेना, म्हणून तो तुकडा नुसत्या खडी-मुरमाचा राहिला. दोन वर्षांत धायटीवर मध प्यायला शिंजीर पक्षी यायला लागले. गवताच्या बियांवर मुनियांचे थवे बसायचे. सातभाईंची टोळी सकाळी येऊन पाचोळा उलटापालटा करायची आणि भांडून निघून जायची. एकदा मुंगूस आलं, तर मी आनंदानं आईला मिठी मारली. आई म्हणाली, "लोकाईच्या पोरी दागिन्याले खूष होतात, अन् हे मुंगसाले खूष होऊन राहिली."

समोरच्या आंटी रोज फाटकाशी येऊन बजावायच्या, "बेटा, साँप आ जाएगा." साप काही आला नाही. एका शनिवारी सकाळी एक माणूस मात्र आला.

मी उकिडवी बसून अळ्या बघत होते. फाटकाबाहेर एक जण हातात पिशवी घेऊन उभा होता. "दीदी, थोड़े से पत्ते मिलेंगे? हनुमान जी की माला के लिए."

"नहीं मिलेंगे," मी मान वर न करता म्हटलं.

तो गोंधळला. रुईची पानं द्यायला जगात कोणी नाही म्हणत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तेवढ्यात आतून आईनं विचारलं, "कोण आलं वो?" आणि त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा, तुम्ही मराठी? आम्ही पण. म्हणजे, मला समजते सगळं. बोलता थोडं कमी येते." मग एकेक शब्द शोधत त्यानं सांगितलं की तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर आहे, मागच्याच गल्लीत राहायला आलाय आणि त्याची आई दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालते.

"या पानांवर पिल्लं आहेत," मी म्हटलं.

"पिल्लं?"

मी त्याला आत बोलावून पान उलटं करून दाखवलं. तो वाकला. पट्ट्यापट्ट्यांची अळी मन लावून पान खात होती, कुरतडलेली कड मागे मागे सरकत होती. त्यानं एकदम तोंडावर हात धरला, मला वाटलं त्याला किळस आली. मग तो हळूच म्हणाला, "ही तर माझ्यापेक्षा फास्ट खाते," आणि आम्ही दोघं एकदम हसलो. त्याची पिशवी रिकामीच परत गेली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. म्हणाला, अळी मोठी झाली का बघायला आलो. त्याच्या पुढच्या शनिवारी कोषातून फुलपाखरू निघालं का ते बघायला. आईच्या लक्षात माझ्या आधी आलं. कणीक मळता मळता ती म्हणाली, "रुईची माळ तर सदर बाजारातल्या देवळासमोर तयार मिळते. हा इथं काहून येऊन राहिला?"

"अळ्या बघायला," मी म्हटलं.

"हो का," आई म्हणाली आणि तिनं कणकेत जरा जास्तच पाणी ओतलं.

एकदा तो मोठ्या उत्साहात एक कुंडी घेऊन आला. रंगीबेरंगी गुच्छ फुललेले होते. "यावर खूप फुलपाखरं येतात. नर्सरीवाल्यानं सांगितलं."

ती घाणेरी होती. बाहेरच्या देशातून आलेली, आमचं जंगल गिळत चाललेली. मी त्याला तिथंच, फाटकात उभं करून सगळं ऐकवलं. ही झुडपं कशी पसरतात, त्यांच्याखाली गवत कसं उगवत नाही, फुलपाखरू येऊन मध पिऊन जातं पण त्याच्या अळ्यांना हिचं पान चालत नाही. मी बोलत होते, तो कुंडी छातीशी धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सॉरी. मग काय आणू?"

"करवंद," मी रागाच्या भरात म्हटलं. करवंदाचं रोप कुठल्याच नर्सरीत मिळेना म्हणून मी वर्षभर शोधत होते.

आठवड्यानं तो आला तेव्हा दोन्ही हातांवर ओरखडे होते, शर्टाची बाही फाटलेली होती आणि गोणपाटात मुळासकट गुंडाळलेलं करवंदाचं रोप होतं. बरगीच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या शेताच्या बांधावरून त्याला विचारून, स्वतः खणून आणलेलं. मी त्याच्या तळहातातले काटे सुईनं काढायला बसले. दोन काटे निघाले आणि तिसरा काही मला सापडेना. तो म्हणाला, "आरामात काढा. मला काही घाई नाही." आईनं स्वयंपाकघरातून मुद्दाम भांडं आपटलं.

लग्न ठरायला मग वेळ लागला नाही. मी त्या दिवसांत कचेरीत बेरजा चुकवत होते, एकटीच हसत होते, ऑटोत बसून उतरायची जागा विसरत होते. हे वय असं वागायचं नाही हे मला कळत होतं आणि त्याची मजाच वाटत होती.

मे महिन्यातली तारीख निघाली आणि बाबांनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं. "अंगणाचं लक्षात आहे ना?"

माझं हसू गेलं. मी विनवण्या केल्या. हॉल घेऊ म्हटलं, गच्चीवर करू म्हटलं. बाबा म्हणाले, "कबूल केलं होतं का नाही?" केलं होतं. आम्ही दोघंही एकाच हट्टाचे. मी ठरवलं, रोपं कडेनं बांधून घेईन, जेवढं वाचेल तेवढं वाचवेन. धायटी जाईल बहुतेक. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि तेही लग्नाच्या आनंदात मधूनमधून हसत.

मांडववाला माप घ्यायला आला. टेप घेऊन तो अंगणाच्या मधोमध गेला, आणि खडीतून एक पक्षी उसळून वर आला. टिटिव टिटिव करत तो थेट त्याच्या डोक्यावर झेपावला. मागून दुसरा आला. मांडववाला टेप टाकून धावत सुटला तो फाटकाबाहेर जाऊन थांबला. "अरे बाप रे! अंकल जी, ये क्या पाल रखा है?"

मी चवड्यांवर पुढे सरकले. खडीत, अगदी जिथं बोहलं यायचं होतं तिथं, मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी होती. एवढी हुबेहूब खड्यांसारखी, की नजर हलवली तर पुन्हा सापडेनात. टिटवीनं अंडी घातली होती. त्या ओसाड तुकड्यात, जिथं माझं काहीच रुजलं नव्हतं.

आई दारात उभी राहून म्हणाली, "अवो, टिटवी दारात ओरडली तर अशुभ म्हणतात."

बाहेरून मांडववाल्यानं घाम पुसत उत्तर दिलं, "नहीं माता जी, टिटहरी अंडे दे तो बहुत शुभ है. हमारे गाँव में तो पूजा करते हैं."

"तर मग शुभ," आई म्हणाली. एवढ्यावर तिनं पक्ष बदलला.

बाबा खुर्ची आणून व्हरांड्यात बसले. दुपारी ऊन इतकं वाढलं की फरशीवर पाय ठेववेना. टिटवी अंड्यांवर उभी राहून पंखांची सावली धरत होती. मग तिचा जोडीदार आला, ती उठली, तो बसला. बाबा ताठ झाले.

"शिफ्ट बदलली," ते म्हणाले.

मोकळी झालेली टिटवी भिंतीजवळच्या नळाखालच्या डबक्यात जाऊन बसली, पोटाची पिसं भिजवली आणि पुन्हा येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. अंडी गार करायला. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. आयुष्यभर भट्ट्यांच्या शेजारी काम केलेला माणूस तो. थोड्या वेळानं त्यांनी घमेलं भरून पाणी आणलं, दबकत दबकत गवताच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मांडव रस्त्यावर टाकू."

मी त्यांना मिठी मारली. "अगं, सोड," ते म्हणाले, "ती घाबरते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्यानं अंड्यांभोवती मोठं वर्तुळ आखलं आणि एका पुठ्ठ्यावर लाल अक्षरात "सावधान, आगे न बढ़ें" लिहून काठीला लावलं. दूधवाल्याला, पोस्टमनला, नातेवाइकांना सगळ्यांना भिंतीच्या कडेनं, एका रांगेत यायचा हुकूम झाला.

रस्ता अडवायला कॉलनीची परवानगी हवी होती. मला सगळ्यात भीती समोरच्या आंटींची. फाटक बंद होणार ते त्यांचंच. बाबांबरोबर मी गेले. आंटींनी ऐकून घेतलं, चालत आमच्या भिंतीपर्यंत आल्या, टाचा उंचावून त्या बसलेल्या पक्ष्याकडे बराच वेळ पाहिलं. "माँ है बेचारी. इतनी धूप में," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "हलवाई को हमारे आँगन में बैठा दो. हमारे यहाँ छाँव है."

आता उरली माझी होणारी सासू. मांडव अंगणात नसून रस्त्यावर आहे, तोही एका पक्ष्यामुळे, हे त्यांना कोण सांगणार? तो म्हणाला, "मी आईला घेऊनच येतो." त्या नवी साडी नेसून आल्या, बाबांची पाटी काही त्यांनी वाचली नाही, आणि सरळ अंगणातून दाराकडे निघाल्या. टिटवीनं त्यांच्या अंबाड्यावरून झेप घेतली. त्यांनी पर्स डोक्यावर धरली. दुसरी झेप. त्या खाली बसल्या. आम्ही सगळे दारात गोठून उभे. तर खाली बसलेल्या त्यांच्या खांद्यांची हालचाल दिसायला लागली, आणि मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. इतक्या की त्यांना उठवेना. "अरे, ही तर माझ्या सासूसारखी आहे," त्या हसता हसता म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला पहिल्या दिवशी असंच पळवलं होतं!" आईनं जाऊन त्यांना हात दिला, तर आईही हसत खाली बसली. दोघी विहिणी चुन्याच्या वर्तुळाबाहेर फतकल मारून हसताहेत आणि डोक्यावर टिटवी ओरडते आहे, अशी आमच्या सोयरिकीची सुरुवात झाली.

लग्न सकाळचं होतं, ऊन चढायच्या आत. बँडवाल्यांना बाबांनी कोपऱ्यावरच थांबवलं. पण नवरदेवाचे मित्र ऐकेनात. ते एका ढोलवाल्याला ओढत, नाचत नाचत फाटकापर्यंत आले, त्यांच्या मध्ये तो, डोक्यावर फेटा आणि फेट्याला चमकणारा तुरा. टिटवीला तो तुरा अजिबात आवडला नाही. ती भिंतीवरून आली ती थेट फेट्यावर. तो वाकला. त्याच्याबरोबर अख्खी वरात वाकली. ती परत फिरली, वरात पुन्हा वाकली. तिसऱ्या वेळेला ढोलवाल्याला त्यात ताल सापडला. तो झेपेबरोबर ठोका द्यायला लागला आणि सगळी वरात ठोक्यावर वाकायला, उठायला लागली. गच्च्यांवर उभ्या असलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी खिडकीतून बघत होते, मुंडावळ्या नाकावर घसरल्या होत्या आणि हसून हसून माझ्या पोटात कळ आली होती. मावशी ओरडत होती, "काजळ! अवो, काजळ पसरून राहिलं!"

अंतरपाट धरला. पलीकडे त्याचे पाय दिसत होते, आणि फेट्याचं टोक, तुरा काढून ठेवलेला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पहिलं कडवं संपलं. भटजी खणखणीत आवाजात म्हणाले, "शुभमंगल सावधान!" नेमकं त्याच वेळी अंगणातून टिटवी ओरडली, आणि तोवर सवय लागलेली सगळी माणसं, दोन्हीकडचे मामा, करवल्या, खुद्द भटजी, एकदम खाली वाकली. अंतरपाट खाली आला. मी आणि तो तेवढे सरळ उभे होतो. ठरल्या वेळेआधीच आम्ही एकमेकांना पाहिलं. त्याचे ओठ हसू दाबून थरथरत होते. मग सगळे सावरले, अंतरपाट वर गेला, आणि पुढच्या प्रत्येक "सावधान"ला लोक अक्षता टाकण्याआधी आकाशाकडे बघत राहिले.

निघताना मी रडले नाही. रडायची पाळी आली तेव्हा आंटी कानात म्हणाल्या, "चिंता मत करो, मैं पानी रख दूँगी," आणि मला पुन्हा हसू फुटलं.

लग्नानंतर नवऱ्याच्या गावी पूजेची गडबड चालली होती. एका सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसता त्यांचा कान दिसत होता. "आली! आली!" ते कुजबुजत ओरडत होते. "पिल्लं आली! आणि चालून राहिली! कालच निघाली अन् आज पाहा, चालून राहिली!"

फोन एकदाचा सरळ झाला. अंगणातून फाटकाखालून टिटवी बाहेर निघाली होती, आणि तिच्यामागे कापसाचे गोळे काड्यांवर उभे करावेत तशी पिल्लं. ती कॉलनीच्या मागच्या मोकळ्या मैदानाकडे चालली होती. बाबा बनियनवर रस्त्यात उभे राहून दोन्ही हातांनी स्कूटर थांबवत होते. आंटी आपल्या फाटकाशी कुत्र्याला पट्ट्यानं धरून होत्या. माझ्या सासूबाई पूजेचं ताम्हन तसंच सोडून आल्या, नणंद आली, पूजा सांगायला आलेले गुरुजी आले. एका एवढ्याशा फोनभोवती आम्ही सगळे डोकी लावून उभे होतो.

तीन पिल्लं रस्त्याकडेची नाली उडी मारून पार करून गेली. चौथं काठावर थांबलं. पुढे झालं, मागे आलं. पलीकडून टिटवी त्याला हाका मारत होती, ते तिथंच फिरत होतं.

"बाबा, काहीतरी आडवं टाका!" माझा नवरा इकडून ओरडला.

बाबांना काही सापडेना. तेवढ्यात आमची आई हातात सूप घेऊन धावत येताना दिसली. अर्धे तांदूळ रस्त्यावर सांडत, तिनं ते सूप नालीवर उपडं टाकलं आणि मागे सरकून हात जोडून उभी राहिली. पिल्लानं सुपाकडे पाहिलं. एक पाय ठेवला. सूप करकरलं असावं, कारण ते दचकलं आणि मग जे सुटलं ते एका दमात पलीकडे.

आमच्या घरात असा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून खाली आले. गुरुजींनी नवऱ्याला मिठी मारली. फोनमधून बाबांचा आवाज येत होता, "दिसलं का? अरे, दिसलं का तुम्हाला?" आणि कॅमेरा तोवर पुन्हा त्यांच्या कानाकडे वळला होता.